लस उठली

आमच्या गल्लीत कोणाच्या बाळाला डोस दिला आणि संध्याकाळी त्याचं अंग तापलं, की आजही बाळाला घेऊन आधी माझ्या दारात येतात. मी उस्मानपुऱ्यात शाळेचे गणवेश आणि ब्लाउज शिवणारी बाई. माझ्याकडचा थर्मामीटर राहतो तो बॉबिनच्या डब्यात. तरी लसीचा ताप कोणता आणि दुसरा कोणता हे मला विचारायचं, असं कधी ठरलं कोण जाणे. मी बाळाच्या पोटाला हात लावते आणि सांगते, "उद्यापर्यंत उतरला नाही, किंवा उतरून परत चढला, तर मला विचारत बसू नका, सरळ दवाखाना गाठा." त्यातलं 'उतरून परत चढला' मी जरा मोठ्यानं म्हणते. तेवढं शिकणं आमच्या घराला फार महागात पडलं.

ते कसं, ते लिहून ठेवते आहे. मला शिवण येते, लिहिणं नाही, तेव्हा कुठं टाका सुटला तर सांभाळून घ्या.

एकच जागा

दुसरी लाट होती. शहराच्या पाट्यांवर तेव्हा औरंगाबादच होतं आणि बाजारातली निम्मी शटरं खाली होती. लेक सासरी, त्यामुळे घरात आम्ही तिघं: मी, माझे मिस्टर आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. मिस्टर वाळूजला कंपनीत. शाळा बंद म्हणून गणवेश बंद, म्हणून मी मास्क शिवत होते आणि पिशवीत घालून दुकानादुकानांत पोचवत होते.

आत्याबाईंचं वय बघता लसीचा पहिला मान त्यांचाच. केंद्र सुरू झाल्या झाल्या मी त्यांना घेऊन गेले होते. जयंतीला नेसायचं पांढरं पातळ त्यांनी काढलं, केसांना तेल लावलं. उन्हात उभं राहून नंबर आला, तर सिस्टरनी बीपी बघितलं आणि मान हलवली. "आजी, लई चढलंय. गोळ्या घ्या, उतरलं की या." आत्याबाईंचा असा पारा चढला की ते बीपी परत मोजलं असतं तर मशीन फुटलं असतं. "रांगेत हुबं करून करून ह्यांनीच चढीवलं, आन् आता मलाच म्हणत्यात चढलंय!" रिक्षात बसेपर्यंत बडबडत होत्या. मी हसत होते. वाटलं, आज नाही तर पुढच्या आठवड्यात.

पुढच्या आठवड्यात बीपी उतरलं आणि लस संपली. केंद्राच्या गेटवर कागद चिकटवलेला: आज लस उपलब्ध नाही. तो 'आज' रोजचाच झाला. मग मोबाईलवरून जागा मिळवायची टूम आली. मिस्टर संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन मोबाईल घेऊन बसायचे. शहरातलं प्रत्येक केंद्र लाल. कधीमधी एखादं हिरवं दिसायचं. त्यावर बोट ठेवलं की ओटीपी यायचा, आणि ओटीपी टाकेपर्यंत तेही लाल. ह्या माणसानं जन्मात कधी सिनेमाच्या तिकिटाला रांग लावली नव्हती. आता ते मोबाईलशी भांडत होते.

एका संध्याकाळी ते ओरडले, "बिडकीन! बिडकीनला एक हाय! लवकर बोला, कुणाचं नाव टाकू?"

मी मशीनवर होते, आत्याबाई ताटात डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "हिचं टाक. ही दारोदार हिंडती. मी घरातल्या घरात, मला कुठून यायचंय ते मेलं!"

मिस्टरांनी माझं नाव टाकलं. कोणी वाद घातला नाही, कोणी क्षणभर थांबलंही नाही. थांबलो असतो तर ती जागासुद्धा गेली असती. बाहेर हिंडणाऱ्या माणसाला आधी, हे तेव्हा अगदी बरोबर वाटलं. खरं सांगायचं तर विचार करायला बसले की आजही त्यात चूक सापडत नाही, आणि तोच माझा खरा त्रास आहे. चूक सापडली असती तर तिला धरून रडता आलं असतं.

बिडकीन

स्कूटरवर बसून आम्ही बिडकीनला गेलो. रस्त्यात पोलिसांना मोबाईलमधला मेसेज दाखवावा लागला. केंद्रावर ही गर्दी! निम्मे गावातले, निम्मे आमच्यासारखे शहरातून आलेले, आणि दोघांमध्ये चांगलीच जुंपलेली. एक धोतरवाले बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "गाड्या घिऊन येता आन् आमच्या गावची लस नेता व्हय? आमच्याकडं मोबाईल नाय, मग आमी मरावं का?"

मला मान वर करवेना. मिस्टर म्हणाले, "बाबा, आमाला तरी तिकडं कुठं मिळतीय?" बाबा काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते, आणि त्यांचंही बरोबर होतं. सगळे एकमेकांना खेटून, मास्क हनुवटीवर घेऊन भांडत होते. त्यातून वाट काढत मी आत गेले. सिस्टर म्हणाल्या, "ताप येईल, अंग दुखंल. गोळी घ्या, घाबरायचं नाय." आणि पुढच्या बाईकडं वळल्या.

उठली

आता हा शब्द समजावून सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावरच फिरलं.

आत्याबाईंच्या दंडावर देवीच्या लसीचे वण होते, नाण्याएवढे गोल. त्यांच्या लहानपणी गावात देवी टोचायला माणूस यायचा. टोचलेली जागा फुगून आली, अंगात ताप भरला, की म्हणायचं लस उठली. उठली म्हणजे ते पोर आता सुखरूप. ज्याची उठली नाही त्याला पुढच्या खेपेला परत टोचायचे. आत्याबाईंच्या पाठच्या बहिणीची उठली नव्हती आणि पुढं ती देवीनंच गेली, असं त्या सांगायच्या. त्यामुळे लस उठणं हा त्यांच्या लेखी जीवनमरणाचा प्रश्न होता.

त्या संध्याकाळी मला थंडी वाजून ताप भरला. हाडन् हाड ठणकायला लागलं. मी गोधडीत कुडकुडत होते आणि आत्याबाईंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "उठली गं बाय, उठली! आता तुला कायबी व्हत नाय." त्यांनी लगेच वैजापूरला फोन लावायला सांगितला. तिथं त्यांची धाकटी लेक, माझी नणंद कुंदा राहते. तिचा नवरा मार्केट यार्डात मापाडी आणि ती तिथंच कांदा निवडायला जाते. आत्याबाई फोनमध्ये ओरडून सांगत होत्या, "तुझ्या वैनीला लई जोरात उठली बरं का! माप शिगोशीग भरलंय." शेजारच्या काकूंना लस घेऊन काहीच झालं नव्हतं. त्या दारात येऊन माझ्याकडं हेव्यानं बघत म्हणाल्या, "माझ्यात नुसतं पाणीच भरलं व्हतं का काय?"

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मी उठले, केर काढला, शिलाईला बसले. आणि मग, सगळं संपलं असं वाटत असतानाच, परत चढला.

मिस्टर म्हणाले, डॉक्टरला विचारू या. आत्याबाईंनी उडवून लावलं. "देवीचं बी असंच असतंय. एकदा उतरायचं आन् पुन्यांदा चढायचं. मगच ती पक्की बसती." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते फक्त दुसऱ्या लसीचं होतं. आणि मीही मान डोलावली, कारण मलाही तेच हवं होतं. त्या दिवसांत तापाला दोनच नावं होती, आणि त्यातलं एक कोणालाच तोंडावर आणायचं नव्हतं.

लसीच्या तापाला कसला आलाय मास्क! आत्याबाई माझ्या उशाशी बसून डोकं दाबायच्या. ज्वारीची पेज करून आणायच्या, माझ्यानं अर्धीच संपायची, उरलेली टाकायची कशाला म्हणून त्याच वाटीला तोंड लावायच्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझी एवढी सेवा कधी केली नव्हती. आमचं तसं काही फार गुळपीठ नव्हतं. पण त्या दिवसांत त्यांच्या लेखी मी जणू बाळंतीण झाले होते. मला आवडत होतं ते. हेही लिहिते, कारण ते खरं आहे.

एकदा मी गॅसजवळ उभी होते आणि माझ्यासमोर दूध करपलं. आत्याबाई बाहेरून पळत आल्या. "अगं, गल्लीच्या टोकाला वास येतोय! नाक कुठं गहाण ठिवलंस?" मला वास आलाच नव्हता. आम्ही दोघी हसलो. लसीनं डोकं बधिर झालंय म्हणाल्या. मी मात्र भांडं घासताना साबण दोनदा नाकाशी नेला. वास जाण्याबद्दल मी दुकानांत ऐकलेलं होतं.

कळलं तो दिवस

संध्याकाळी मिस्टरांना दुधाची गोष्ट गंमत म्हणून सांगितली. ते हसले नाहीत. शेजारून बोटाला लावायचं मशीन मागून आणलं, माझ्या बोटाला लावलं आणि आकडा बघून ते मशीन झटकलं, परत लावलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी तिघांनीबी तपासून घ्यायचं."

माझा आला पॉझिटिव्ह. मिस्टरांचा कसा कोण जाणे, निगेटिव्ह. आत्याबाईंचा पॉझिटिव्ह. तेव्हा त्यांना साधी कणकणसुद्धा नव्हती. त्या खाटेवर बसून माझ्याकडं, मग मिस्टरांकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला तर टोचलीच नाय. मग मला कशी उठली?"

मिस्टर बाहेर गेले आणि जिन्यात उभं राहून रडले. मला खिडकीतून दिसत होते.

वॉर्ड

मला त्याच दिवशी दाखल केलं. पुढं डॉक्टरांना विचारलं, लस घेतल्यामुळं झालं का. ते म्हणाले, लसीनं होत नाही. आधीच अंगात शिरलेलं असेल किंवा रांगेत मिळालं असेल, सांगता येत नाही. लसीचा ताप आला तो आला आणि गेला. दुसरा आला तो आजार. मध्ये एक दिवस बरं वाटलं म्हणून आम्ही फसलो.

वॉर्डातलं जगणं म्हणजे पालथं झोपणं. पालथं झोपलं की छाती मोकळी होते म्हणायचे. सकाळी चहा, मग बोटाचं मशीन, मग पालथं. दुपारी वरणभात, परत मशीन, परत पालथं. मास्कमधून येणाऱ्या हवेची सूंऽऽ आणि शेजारच्या खाटांवरचा खोकला. आकडा सांगताना सिस्टरच्या डोळ्यांकडं बघायची सवय लागली, कारण बाकी सगळं झाकलेलं असायचं. भीती वाटायची ती रात्रीची नाही, आकड्याची. एका बाईंची खाट सकाळी रिकामी दिसली आणि दुपारी त्यावर दुसऱ्या बाई आल्या.

तिथं एक मावशी होत्या, झाडूपोछा करणाऱ्या. एकदा मी उठून बसले होते तर माझ्या केसांच्या जटा बघून म्हणाल्या, "आगं बाई, हे काय चिमणीचं खोपं!" आणि तो प्लास्टिकचा पोशाख घालून, घामानं निथळत, त्यांनी माझी वेणी घातली. इतकी घट्ट घातली की डोकं दुखलं. मला वाटतं मी त्या दिवशी बरी व्हायला लागले.

आणि त्याच दिवसांत आत्याबाईंना आणलं. त्यांना घरीच ठेवलं होतं, पण आकडा घसरला. त्या खालच्या मजल्यावर, मी वर. जिना मला चढता-उतरता येत नव्हता, परवानगीही नव्हती. मावशी निरोप न्यायच्या आणि आणायच्या. आत्याबाईंचा निरोप असा: "तिला म्हणावं, पालथी झोप. मला काय, मी झोपते कशीबी." एकदा सांगून पाठवलं की इथलं वरण पाणचट आहे आणि मिरची कोणी देत नाही. त्या निरोपानं मला फार धीर आला. वरणाला नावं ठेवताहेत म्हणजे बऱ्या आहेत, असा मी हिशेब केला.

मग त्यांना श्वासाच्या मशीनवर घेतलं. निरोप थांबले.

मिस्टरांचा फोन आला तेव्हा दुपारची जेवणं चालली होती. ते म्हणाले, "आई गेली." मी बरं म्हटलं. खरंच, 'बरं' एवढंच म्हटलं. मग ताट बाजूला ठेवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी ऐकलं असावं. त्यांच्याकडं वळलेला टेबलफॅन त्यांनी हात लांब करून माझ्याकडं फिरवला. मे महिन्यातलं ऊन होतं आणि त्या स्वतः घामाघूम झालेल्या होत्या.

अंत्यविधीला मिस्टर आणि दूर उभे दोघंतिघं. मी वॉर्डात. कुंदाला येऊ दिलं नाही. आमच्यात तेरावं नसतं, पुण्यानुमोदन असतं. त्या दिवशी एका खोलीत भन्तेजी, फोटो आणि मोबाईल, आणि मोबाईलमध्ये वैजापूरहून कुंदाचा चेहरा. नेट सारखं अडकत होतं. ती रडताना मध्येच थिजायची, आणि आवाज तेवढा पुढं जायचा.

जिवावर

मी घरी आले तरी जिना चढताना धाप लागायची. लसीच्या बाबतीत डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजारातून उठलात, आता दुसऱ्या डोसला तीन महिने थांबा. ते मी कुंदाला फोनवर सहज बोलून गेले आणि तिला म्हटलं, "तुला शुगर आहे. तुझा पहिला तरी घेऊन टाक."

मग ती म्हणाली, "आईच्या जिवावर उठली ती लस. आता माझ्याबी जिवावर उठवायची व्हय, वैनी?"

मी म्हटलं, "अगं, आत्याबाईंना लस मिळालीच नव्हती."

"तुमाला तर टोचली व्हती ना? तुमाला उठली, आई तुमच्या उशाला बसली, तुमचं उष्टं खाल्लं, आन् तुमच्या अंगातून तिच्या अंगात गेली. आईनंच मला फोनवर सांगितलं, लई जोरात उठली म्हून."

तिचं म्हणणं चुकीचं होतं, पण त्यातली प्रत्येक गोष्ट घडलेली होती. उष्टं खाल्लेलं खरं, उशाशी बसलेलं खरं, फोनही मीच लावून दिलेला. फक्त मधला एक शब्द चुकला होता, आणि तो आम्हीच तिच्या कानात घातला होता.

मिस्टरांनी बहिणीला समजवायचं म्हणून फोन केला आणि भांडून ठेवला. अडाणी म्हणाले. ती म्हणाली, तू शिकलेला आहेस ना, मग आईला का नाही वाचवलंस. तिथून बहीणभावाचं बोलणं बंद. इकडं वैजापूरच्या यार्डात ही गोष्ट कांद्याच्या ढिगांवरून फिरली. कुंदाच्या आईला लस घेऊनच झालं, अशी फिरली. कांदा निवडणाऱ्या बायांचा एक घोळका आहे कुंदाभोवतीचा, तिच्या शब्दावर चालणारा. त्यातली एकही लस घ्यायला गेली नाही. आता तिकडं लसीला मोबाईल लागत नव्हता, रांग नव्हती. तिसऱ्या लाटेची बोलणी सुरू झालेली. आणि आत्याबाईंना बीपी होतं, तशी कुंदाला शुगर.

एक गेली ती गेली. दुसरी आमच्या शब्दापायी जाऊ द्यायची नाही, एवढं मी ठरवलं.

ओसरी

फोनवर कोणाला काही पटत नाही. मी मिस्टरांना म्हटलं, माझा दुसरा डोस मी वैजापूरला घेणार. ते म्हणाले, वेड लागलंय का, इथं दोन गल्ल्या सोडून मिळतोय आता. मी म्हटलं, मला ताप यायचा असेल तर तो कुंदाच्या डोळ्यांदेखत येऊ दे.

निघायच्या आधी तपासणी करून घेतली. निगेटिव्ह. तो कागद पर्समध्ये घालून एसटीनं वैजापूरला उतरले, आधी केंद्रावर गेले, लस घेतली, आणि दंड धरून कुंदाच्या दारात उभी राहिले. तिनं मला बघितलं, कडेला सरकली, पण या म्हणाली नाही.

मी म्हटलं, "आत येत नाही. इथं ओसरीवरच पडते. मला आता ताप येईल. तू जवळ येऊ नकोस, सेवा करू नकोस. नुसतं बघ."

"कशाला पण?"

"आत्याबाईंना जे झालं ते हे नव्हतं. हे काय असतंय ते तुला दिसू दे."

ती आत गेली. थोड्या वेळानं चटई आणि पाण्याचा तांब्या उंबऱ्यापाशी ठेवलेला दिसला.

ताप आला, अगदी वेळेवर. मी चादर गुंडाळून कुडकुडत होते. यार्डातून परतणाऱ्या बाया रस्त्यावर थांबून बघत होत्या. "हिला काय हून ऱ्हायलंय?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "लस घिऊन आलीय म्हणं, दाखवायला." तिसरी म्हणाली, "हौस असती एकेकीला." अंग ठणकत असतानाही मला हसू आलं. कुंदा दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. मी हलले की तिचे डोळे मोठे व्हायचे. तिला काय दिसत होतं ते मला कळत होतं, आणि त्यासाठी मला तिची माफी मागावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंग घामानं भिजलं आणि ताप उतरला. मी विहिरीवर जाऊन तोंड धुतलं, भाकरी खाल्ली. पण निघाले नाही. मागच्या खेपेला तो परत चढला होता, तो दिवस मला तिच्यासमोर काढायचा होता. तोही ताप न येता गेला. मी तिच्या ओसरीवर बसून यार्डातल्या बायांचे उसवलेले ब्लाउज हातशिलाईनं नीट करून दिले. त्या आता जवळ येऊन बसत होत्या. एकीनं तर माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

कुंदा म्हणाली, "उद्या मी जाते. तुमी थांबता का?"

तिच्यासोबत चार बाया गेल्या. मी बाहेर उभी राहिले. संध्याकाळी तिला ताप भरला आणि ह्या वेळी उशाशी मी होते, मास्क लावून. तिनं माझा हात धरला होता. एकदा पुटपुटली, "वैनी, उतरतो ना हा?" मी म्हटलं, उतरतो.

सकाळी उतरला. ती उठून बसली, स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला, दंड चाचपला. मला वाटलं आता हसेल. पण तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती ढसाढसा रडायला लागली.

"एवढंच असतंय व्हय, वैनी? एवढंच?"

"एवढंच."

"मग त्या दिवशी आईला का नाय नेलं?"

मी सांगितलं. जागा एकच होती, मोबाईलवर वेळ नव्हता, मी बाहेर हिंडत होते. आणि शेवटी म्हटलं, "आत्याबाई स्वतःच म्हणाल्या गं, हिचं नाव टाक."

कुंदानं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आई तर तसंच म्हणणार," ती म्हणाली. "तुमी का ऐकलं तिचं?"